व्याख्येबाहेरचा दाणा

केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात 'सूक्ष्मप्लास्टिक' या शब्दाची व्याख्या समाविष्ट झाली. पाण्यात न विरघळणारा, १ ते १,००० मायक्रॉन परिमाणाचा प्लास्टिकचा कोणताही घन कण, असा तिचा आशय आहे. कवितेतील एखादे विशेषण खटकले तर आपले समीक्षक पानेच्या पाने लिहितात. नियमाच्या भाषेकडे मात्र कोणी फिरकत नाही. वस्तुतः व्याख्येतील एका आकड्याने एखादी वस्तू कायद्याच्या दृष्टीआड होऊ शकते. या आकड्याने नेमके तेच झाले आहे.

१,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. २००४ साली प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनच्या किनारी गाळात आणि १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या प्लवकांच्या नमुन्यांत असे कण दाखवून दिले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. शास्त्रज्ञ सामान्यतः ५ मिलिमीटरपर्यंतचा कण त्यात धरतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची परिभाषा दोन पायऱ्या करते: १ मिलिमीटरपर्यंत सूक्ष्मप्लास्टिक, आणि १ ते ५ मिलिमीटरपर्यंत मोठे सूक्ष्मप्लास्टिक. आपल्या नियमाचे शब्द पहिल्या पायरीशी हुबेहूब जुळतात. दुसरी पायरी त्यात नाहीच.

मग सुटले कोण? कारखान्यात ज्याला नुसता 'दाणा' म्हणतात, तो प्लास्टिकचा कच्चा माल. तांदळाच्या कणीएवढा हा दाणा जहाजातून व मालगाडीतून वाहून नेला जातो आणि वाटेत सांडतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली केरीपासून गालजीबागपर्यंत गोव्याच्या सहा किनाऱ्यांवर तो गोळा केला. बहुतेक दाणे पांढरे, पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीनचे. नैर्ऋत्य मोसमी वारे व प्रवाह त्यांना किनाऱ्यास लावतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गालजीबागच्या याच वाळूत कासवे अंडी घालतात. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एम.एस.सी. एल्सा ३' हे जहाज बुडाले, आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर असेच दाणे पसरले.

हा दाणा सूक्ष्मप्लास्टिक नाही, तर मग कचरा तरी आहे काय? नियम म्हणतात की, वापरानंतर किंवा अभिप्रेत उपयोग संपल्यावर टाकून दिलेले प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक कचरा. सांडलेला दाणा कोणी वापरलेला नाही, आणि टाकून दिला असेही म्हणता येत नाही. प्रतिपक्षाचा वकील हा युक्तिवाद आनंदाने करील, आणि शब्दांपुरता तो चुकीचाही ठरणार नाही.

व्याख्येचे समर्थक म्हणतील, ती केवळ 'जैवविघटनशील' प्लास्टिकचा दावा तपासण्यासाठी घातली आहे. विघटनानंतर सूक्ष्मप्लास्टिक उरू नये, एवढाच तिचा हेतू. हे खरे आहे, आणि माझी तक्रारही हीच आहे. शब्द आला तो विक्रेत्याचे प्रमाणपत्र तपासण्यापुरता. समुद्राच्या पाण्यात वा गाळात हे कण किती असावेत, याविषयी या नियमांत एक अक्षर नाही. पिशवीची जाडी मात्र नियमाने आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरविली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाईल, गोळा होईल, हा हेतू योग्यच. पण निर्माल्यासकट नदीत सोडलेल्या जाड पिशवीचे तुकडे पातळ पिशवीहून कमी होत नाहीत, वजनाच्या मानाने अधिकच होतात.

येथे देवस्थानांच्या मंडळींशी दोन शब्द बोलणे भाग आहे. सजावटीचा थर्मोकोल १ जुलै २०२२ पासून निषिद्ध आहे, तरी मखरे अजून त्याचीच दिसतात. आणि त्याच मखरापुढे रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधलेली असते, जिचे सारे काही मातीत जिरते. रेशमाच्या नावाने विकले जाणारे पॉलिएस्टरचे सोवळे प्रत्येक धुण्यात तंतू सोडते. ते तंतू, नियमाच्या दुर्दैवाने, व्याख्येत अगदी चपखल बसतात. त्यांच्यासाठीही नियमात पुढे काही नाही.

दुरुस्ती फार मोठी नको. १,००० च्या जागी ५,००० हा आकडा, कचऱ्याच्या व्याख्येत 'वापरापूर्वी सांडलेले' हे दोन शब्द, आणि किनारी गाळाच्या नियमित तपासणीचे कलम.