करंट मीटर खरोखर काय मोजतो?

‘करंट मीटर हे वाहत्या पाण्याचा वेग मोजणारे यंत्र आहे’ हे वाक्य आपल्या माहितीपर पुस्तकांत नेहमी आढळते. आमचा त्याला आक्षेप आहे. सहा शंकूच्या आकाराच्या वाट्या लावलेले हे चाक वेग मोजत नाही, ते फक्त फिरते. निरीक्षक ठरावीक वेळातले फेरे मोजतो आणि वेग = अ + ब × (दर सेकंदाचे फेरे) अशा समीकरणातून वेग काढतो. हे ‘अ’ आणि ‘ब’ आले कोठून? खरे विज्ञान इथे सुरू होते आणि पुस्तकातले वर्णन नेमके इथेच संपते.

हे आकडे अंशशोधनातून, म्हणजे कॅलिब्रेशनमधून येतात. लांब, सरळ हौदात पाणी स्थिर ठेवतात. काठावरच्या रुळांवरून ट्रॉली धावते आणि तिला टांगलेला मीटर पाण्यातून ओढला जातो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) अशी सोय आहे. ट्रॉलीने कापलेले अंतर आणि त्याला लागलेला वेळ या दोन गोष्टी आपण खात्रीने मोजू शकतो, म्हणून हा खटाटोप. प्रत्येक फेरीनंतर पाणी शांत होईपर्यंत थांबावे लागते. पाण्यात सेकंदाला १ सेंटिमीटरची हालचाल उरली असेल, तर २ मीटर वेगाच्या फेरीत चूक अर्धा टक्काच होईल. ५ सेंटिमीटर वेगाच्या फेरीत मात्र ती २० टक्के होईल.

‘पाणी चालले काय आणि मीटर चालला काय, सारखेच’ असे सांगून पुस्तके सापेक्ष वेगाचा विषय एका ओळीत आटोपतात. गॅलिलिओचे तत्त्व बरोबरच आहे. पण त्यासाठी दोन्हीकडचे पाणी एकाच स्थितीत असायला हवे. अठराव्या शतकात द्यु ब्वा या फ्रेंच अभियंत्याला आढळले, की वाहत्या पाण्यात धरलेल्या वस्तूवरचा रोध, तीच वस्तू तेवढ्याच वेगाने स्थिर पाण्यातून ओढताना होणाऱ्या रोधापेक्षा जास्त भरतो. गॅलिलिओ चुकला असा याचा अर्थ नव्हे. नदीचे पाणी एकसारखे सरकत नाही, त्यात भोवरे आणि खळबळ असते. हौदातले पाणी निवांत असते. शिवाय वाट्यांचे उभ्या आसाचे चाक प्रवाह तिरपा आला तरी फिरतेच, आणि आपल्याला तर काटछेदाला लंब असणारा वेग हवा असतो. हौदातले समीकरण नदीवर नेताना हे सारे आपण गृहीत धरतो, निदान तसे सांगावे तरी.

हौदही अगदी निर्दोष नाही. पाणी २ मीटर खोल असेल, तर त्यातली लांब लाट सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जाते. ट्रॉलीचा वेग त्याच्या आसपास आला, की लाट तिच्याबरोबर चालू लागते. मीटरभोवतीचे पाणी स्थिर राहत नाही आणि आलेखावरचे बिंदू रेषेपासून ढळतात.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. सेकंदाला १००० घनमीटर विसर्ग असलेल्या नदीत वेग ३ टक्के चुकला, तर दिवसाचा हिशेब सुमारे २६ लाख घनमीटरने चुकतो. दोन राज्ये एकाच नदीचे पाणी वाटून घेत असतील, तर ही क्षुल्लक बाब नव्हे. आणि समीकरण त्या एका मीटरचेच असते. दगडावर आपटून एक वाटी चेपली, की पेटीतला तक्ता निरुपयोगी.

शिक्षकांना हा प्रयोग करता येईल. टेबल टेनिसच्या तीन चेंडूंच्या सहा वाट्या करून चाक बनवावे आणि शाळेच्या हौदातून निरनिराळ्या, मोजलेल्या वेगांनी ओढावे. वेग आणि फेरे यांचा आलेख काढला, की रेषा बहुधा शून्यातून जाणार नाही, कारण आसाचे घर्षण. मुले पट्टी थोडी सरकवून ती शून्यातून नेऊ पाहतील. तसे करू देऊ नये. कोणत्या वेगाखाली चाक फिरायचेच थांबते, ते त्यांनाच शोधायला सांगावे.