जीन प्रवर्धन
कोशिकेतील एखाद्या जीनाच्या प्रती अनेक पटींनी वाढण्याच्या क्रियेस जीन प्रवर्धन म्हणतात. १९७८ मध्ये रॉबर्ट शिमके व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्झेट या कर्करोगविरोधी औषधास दाद न देणाऱ्या उंदराच्या कोशिकांत ते दाखविले. औषध ज्या एंझाइमास रोखते त्याच्याच जीनाच्या प्रती तेथे वाढल्या होत्या.

एकाच जागी डीएनएचे वारंवार द्विगुणन होऊन जादा प्रती साचतात, हे आरंभीचे स्पष्टीकरण होय. परंतु लगतच्या प्रती पुष्कळदा परस्परांच्या उलट दिशेने का असतात, याचा उलगडा त्याने होत नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३८–४१ या काळात मक्यात वर्णिलेले भंग-सांधणी-सेतू चक्र येथे अधिक समर्पक ठरते. टोक तुटलेल्या गुणसूत्राचे द्विगुणन झाल्यावर दोन्ही अर्धगुणसूत्रांची तुटकी टोके एकमेकांस सांधली जातात. कोशिका विभागताना हे जोडगुणसूत्र दोन्हीकडे ओढले जाऊन सेतू बनतो व तो असमान तुटतो. एका कन्याकोशिकेस जीनाची जादा, उलटी प्रत मिळते. तिचे टोक तुटकेच असल्याने चक्र पुन्हा चालते. मिशेल देबातिस यांच्या गटाने १९९७ मध्ये सस्तन प्राण्यांच्या कोशिकांत गुणसूत्रांवरील भंगुर स्थानांशी या चक्राचा संबंध दाखविला.

तथापि गुणसूत्राबाहेरील सुट्या डीएनए-वलयांवरील प्रवर्धनाचा उलगडा केवळ या चक्राने होत नाही. गुणसूत्राचे एकदम अनेक तुकडे होणे हाही एक मार्ग आहे. या सर्वांच्या मुळाशी भंगच असल्याने गुणसूत्रे तोडणारी औषधे कर्करोगकोशिका मारतात, तशीच वाचलेल्या कोशिकांत प्रवर्धनास वाटही करून देऊ शकतात. चिकित्सेच्या दृष्टीने हा या सिद्धांताचा सर्वांत गंभीर निष्कर्ष होय.