लाफायेट चौकातला कोश्चुश्को

व्हाइट हाऊससमोर फोटो काढून झाले की आपण पाहुण्यांना घेऊन गाडीकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. मागच्या खेपेस मात्र समोरच्या लाफायेट चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात थांबलो आणि तासभर तिथेच रेंगाळलो.

तिथला पुतळा पोलिश सेनानी तादेउश कोश्चुश्को याचा. (अमेरिकन लोक या आडनावाचे जे करतात ते ऐकून आपल्या आडनावांचे दुःख हलके होते!) १७७६ मध्ये हा इंजिनिअर अमेरिकेत आला, त्याने साराटोगा आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी आखली. मायदेशी परतून १७९४ मध्ये रशियाविरुद्धच्या उठावाचे नेतृत्व केले. राक्लावित्सेच्या लढाईत गवत कापायची लांब पाती दांड्याला सरळ ठोकून शेतकरी तोफांवर धावून गेले आणि त्यांनी त्या जिंकल्या. पुढे तो जखमी होऊन पकडला गेला. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला.

पुतळ्याचे शिल्पकार आंतोनी पोपिएल. खरे सांगायचे तर वरची मूर्ती मला फारशी भावली नाही. अमेरिकन गणवेश, हातात साराटोगाचा नकाशा, सारे रीतसर. जीव आहे तो खालच्या चौथऱ्यावर. तिथे जखमी होऊन कोसळलेला सेनापती आहे आणि शेजारी पाते घेतलेला शेतकरी. पराभवाचा क्षण कोणी स्मारकावर कोरतो का? पण अनावरण झाले १९१० मध्ये, पोलंड नावाचा देशच नसताना. पैसे दिले इथल्या पोलिश लोकांनी, 'पोलिश नॅशनल अलायन्स'मार्फत. मंडळाच्या वर्गणीसाठी फोन करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा चौथरा जरूर पाहावा.

माझी तक्रार दुसऱ्या बाजूच्या शिल्पाबद्दल आहे. तिथे कोश्चुश्को एका जखडलेल्या अमेरिकन सैनिकाचे बंध सोडवतो आहे. कल्पना छान, पण त्याने ज्यांचे बंध सोडवायचे ठरवले होते ते वेगळेच होते. युद्धात आग्रिपा हल हा स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुण चार वर्षांहून अधिक काळ त्याच्यासोबत होता. पोलंडमध्ये १७९४ च्या पोवानिएत्सच्या जाहीरनाम्याने त्याने भूदासांची वेठ कमी केली. आणि १७९८ मध्ये अमेरिका सोडताना मृत्युपत्र केले: आपल्या इथल्या पैशांतून गुलाम विकत घेऊन मुक्त करावेत, त्यांना शिक्षण द्यावे. व्यवस्थापक नेमला मित्र थॉमस जेफरसनला, आणि त्याचे स्वतःचे गुलामही त्यात चालणार होते!

कोश्चुश्को १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. जेफरसनने वयाचे कारण सांगून अंग काढून घेतले. त्याने नंतरही मृत्युपत्रे केली होती, त्यामुळे खटले लांबले. १८५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसा युरोपातल्या नातेवाइकांना दिला. त्या पैशातून एकही गुलाम सुटला नाही.

पुतळ्यावर यातले अक्षरही नाही. १९१० च्या वॉशिंग्टनमध्ये ते कोरणे देणगीदारांना परवडले नसते, हे समजू शकतो. परक्या देशात आपण यजमानांना आवडेल तेवढेच बोलतो, मीही बोलतो. तरीही चौकाच्या मधोमध घोड्यावर बसलेला अँड्र्यू जॅक्सन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, हे लक्षात आले की कोपऱ्यातले हे मौन खटकते.

फिलाडेल्फियात पाइन स्ट्रीटवर त्याचे भाड्याचे घर जपून ठेवले आहे. १७९७-९८ च्या हिवाळ्यात जेफरसन त्याला भेटायला यायचा, ते तिथेच. नॅशनल पार्क सर्व्हिसचे हे सर्वांत छोटे स्मारक. लिबर्टी बेल पाहायला गेलात तर तिथून चालत जाता येते.