काळोखाचा कंटाळा कोणाला येतो?

पदवीच्या वर्गातील दहाबारा मुलामुलींबरोबर मी एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'ब्रोकन अर्थ' ही विज्ञान कादंबरीत्रयी वाचली. 'द फिफ्थ सीझन' (२०१५), 'द ओबेलिस्क गेट' (२०१६) आणि 'द स्टोन स्काय' (२०१७) हे तिचे तीन भाग. वाचन संपल्यावर प्रत्येकाने आपले मत एका कागदावर लिहून द्यावे असे मी सांगितले. ते कागद आणि एका सहकारी प्राध्यापकांचा शेरा माझ्यासमोर आहे. सहकाऱ्यांनी पहिल्या भागाची पन्नास पाने वाचून पुस्तक परत केले आणि म्हणाले, "फार काळोख आहे हो. आणि पुन्हा तेच, शोषण आणि शोषण." या लेखाचा विषय ही मतेच आहेत.

आधी कथेविषयी. 'स्टिलनेस' नावाचा खंड सतत भूकंपाने हादरत असतो. मधूनच एक प्रलयऋतू येतो. राखेने सूर्य झाकला जातो, पिके मरतात, गावे वेशी बंद करून बसतात. भूकंप थोपवण्याची शक्ती काही माणसांत जन्मतःच असते. त्यांना ऑरोजीन म्हणतात, आणि तुच्छतेने 'रोगा'. साम्राज्य त्यांच्यावाचून जगू शकत नाही, तरीही कायद्याने ते माणसांत मोडत नाहीत. गावात असे मूल निपजले तर ते मारले जाते, नाही तर राजधानीतील 'फुलक्रम' या संस्थेत नेऊन हुकमाचे ताबेदार बनवले जाते. नायिका एसुन स्वतःची ओळख लपवून एका गावात शिक्षिका म्हणून जगते. आपला लहान मुलगा ऑरोजीन आहे हे कळताच नवरा त्याला मारून टाकतो आणि मुलीला घेऊन निघून जातो. त्रयीची सुरुवात येथून होते.

या जगात माणूस आपली ओळख तीन शब्दांत देतो. नाव, उपयोग-जात आणि गाव. लेखिकेने 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. अशा वीस जाती मान्य आहेत, त्यांपैकी सात नित्याच्या चलनात आहेत. मुलगा बापाची जात घेतो, मुलगी आईची. प्रलयऋतूत कोणाला गावात ठेवायचे आणि कोणाला वेशीबाहेर काढायचे हे या मधल्या शब्दावर ठरते. अमेरिकन वाचक हे कल्पनेतले तपशील म्हणून वाचत असेल. मी ते वाचताना पुस्तक मिटून ठेवले. नोकरी लागली तेव्हा तालुक्याच्या गावी खोली शोधत मी किती घरे फिरलो. मास्तर म्हटल्यावर चहा येई, मग प्रश्न येई, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव सांगितले की खोली आधीच कोणाला तरी दिलेली असे. पुढे मी नुसते नाव आणि गाव सांगू लागलो. मधला शब्द गिळण्याची कला मी एसुनइतकीच चांगली शिकलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि पदवीने मला दिलेले पहिले कौशल्य हे होते!

आता मतांकडे वळू.

पहिले मत सहकाऱ्यांचे: काळोख फार आणि प्रचार फार. हे मत नवे नाही, आणि ते आपल्याकडचेच आहे असेही नाही. विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार हा जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासद-वाचकांच्या मतांनी ठरतो. २०१३ पासून काही वर्षे अमेरिकेतील लेखक-वाचकांच्या एका गटाने तक्रार चालवली होती की आता कथेपेक्षा सामाजिक संदेशाला मते पडतात. २०१५ साली या मंडळींनी नामांकने भरून काढली, तेव्हा मतदार वाचकांनी पाच विभागांत कोणालाच पुरस्कार न देण्याचा कौल दिला. त्यानंतर २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे या त्रयीच्या तिन्ही भागांना सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला. असे पूर्वी कोणत्याही लेखकाच्या बाबतीत घडले नव्हते. पण पुरस्काराने माझ्या सहकाऱ्यांना उत्तर मिळत नाही, कारण त्यांचा प्रश्न मतांचा नसून सवयीचा आहे. दलित आत्मकथनांनाही हेच ऐकावे लागले: एकसुरी आहेत, आक्रोश आहे, कला कोठे आहे? काळोखाचा कंटाळा येण्यासाठी माणसाला काळोखातून उठून जाण्याची सोय असावी लागते. एका मुलाने लिहिले आहे, "मला पुस्तक काळोखे वाटले नाही. त्यात काय चालले आहे ते मला दिसत होते."

दुसरे मत भाषेविषयी आहे. एसुनची कथा द्वितीय पुरुषात सांगितली आहे. निवेदक तिला उद्देशून बोलतो आणि वाचकाला वाटते आपल्यालाच सांगतो आहे. अनेक वाचकांना याचा त्रास होतो. आमच्या वर्गातही एकाने लिहिले, "मला तू म्हणणारा हा कोण?" इंग्रजीत त्या सर्वनामाला मानापमान नाही. मराठीत आहे. यावर एका मुलीने जे लिहिले ते मला एकाही समीक्षेत सापडले नव्हते. "सर, आमच्या आजोबांना गावातली पोरेसोरे 'तू' म्हणत. आणि आजी विठ्ठलालाही 'तू'च म्हणे. या पुस्तकातला 'तू' आधी पहिल्यासारखा वाटतो, शेवटी दुसऱ्यासारखा होतो." निवेदक हे सारे एसुनला का सांगतो आहे ते तिसऱ्या भागाच्या अखेरीस कळते, तेव्हा या मुलीचे म्हणणे पूर्ण खरे ठरते.

तिसरे मत सर्वांत गंभीर आहे. ऑरोजीन खरोखरच धोकादायक आहेत, चिडलेले मूल शेजाऱ्याला गोठवून मारू शकते. मग लोकांची भीती रास्त नाही का? आणि काळ्या माणसाशी किंवा दलिताशी त्यांची तुलना केली तर आपणच आपल्याला धोकादायक ठरवत नाही का? एका विद्यार्थ्याने हा प्रश्न रागाने लिहिला आहे आणि त्याचा राग मला योग्य वाटतो.

याला पहिले उत्तर पहिल्याच भागात आहे. भूकंप थोपवणाऱ्या ठाण्यांत काय असते ते सायनाइट आणि अलाबास्टर प्रत्यक्ष पाहतात. तेथे एक मूल खुर्चीला जखडलेले असते. त्याचा मेंदू शस्त्रक्रियेने बधिर केलेला असतो, उरते फक्त शक्ती. साम्राज्याला ही शक्ती हवी आहे, ती धारण करणारा माणूस नको आहे. हात हवेत, स्पर्श नको, हा आपल्या गावगाड्याचा नियम याहून वेगळा होता काय? याच सायनाइटवर पुढे पोटच्या मुलाला स्वतःच्या हाताने संपवण्याची वेळ येते, ती त्याला त्या खुर्चीपासून वाचवण्यासाठी. येथे इतिहास आठवतो. १८५६ साली केंटकीतून ओहायो नदी ओलांडून पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने पकडले जाताना आपल्या मुलीला ठार केले होते. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'मागे (१९८७) हीच घटना आहे.

दुसरे उत्तर तिसऱ्या भागात आहे. हजारो वर्षांपूर्वी सिल अनागिस्ट या वैभवशाली राज्याने नीस नावाचे लोक जिंकले. त्यांच्याविषयी अफवा पिकवल्या: यांचे डोळे विचित्र, यांची विद्या अघोरी. ते लोक संपल्यावर राज्याने प्रयोगशाळेत माणसे घडवली, ती नेमकी त्या अफवांच्या बरहुकूम. म्हणजे शिवी आधी जन्मली आणि तिला साजेसे शरीर मागाहून बनवले गेले. माझ्या विद्यार्थ्याच्या रागाला लेखिकेने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते पोहोचण्यासाठी तिन्ही भाग वाचावे लागतात.

तरीही माझा मतभेद उरतो. ऑरोजीनची शक्ती अखेर त्यांच्या शरीरातच असते. जात शरीरात कोठेच नसते. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी जात म्हणजे वंशाची विभागणी हा सिद्धान्त खोडून काढला. जात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर आडनाव विचारावे लागते. दुसरे असे की या त्रयीत जग बदलते ते एका आईच्या आणि एका मुलीच्या प्रचंड सामर्थ्याने. आपल्यापाशी तसले सामर्थ्य नाही. आपल्यापाशी संघटना आहे. म्हणून मला इका हे पात्र मोलाचे वाटते. कास्ट्रिमा या गावात ती ऑरोजीन आणि इतर माणसे एकत्र नांदवू पाहते, आणि उपयोग-जातीच्या जागी निर्भयपणे 'रोगा' हाच शब्द लावते. शिवीचे नाव करून घेणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी 'दलित' या शब्दाला अमेरिकेतल्या 'पँथर'ची जोड दिली होती. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. हा पत्रव्यवहार आपण पुढे चालवला पाहिजे. अशा पुस्तकांचे वाचन हा त्याचाच भाग आहे.

कागद परत देताना मी मुलांना माझे पूर्ण नाव फळ्यावर लिहून दाखवले, मधला शब्द न गिळता. सहकाऱ्यांना मी तिसरा भाग नेऊन दिला आहे. तो त्यांच्या टेबलावर पडून आहे. ते वाचतील की नाही सांगता येत नाही. मुले मात्र दुसरे पुस्तक मागायला आली आहेत.