गृहस्वामिनीचा इतिहास

ऐतिहासिक कादंबरी लिहावयाची तर जुनी कागदपत्रे हवीत, निवांतपणा हवा आणि घरच्या व्यापातून सुटका हवी, अशी एक समजूत आहे. नॉर्वेच्या सिग्रिड उंडसेट यांना यांपैकी अभ्यासाची संधी तेवढी लाभली, आणि तीही लग्नापूर्वी. वडील पुराणवस्तुसंशोधक; ते १८९३ मध्ये वारले तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. सोळाव्या वर्षापासून सुमारे दहा वर्षे बाईंनी कचेरीत नोकरी केली आणि उरल्या वेळात मध्ययुगाचे वाचन केले. मध्ययुगीन डेन्मार्कवरील त्यांचे पहिले हस्तलिखित प्रकाशकाने परत केले. वर ऐतिहासिक लेखनाच्या वाटेस न जाण्याचा उपदेशही केला.

१९१९ मध्ये त्या लिलेहामर येथे राहावयास आल्या तेव्हा संसार मोडत आला होता. पदरी दोन मुले. त्यांतील मुलीला अखंड शुश्रूषेची गरज. तिसरे मूल त्याच वर्षी झाले. मुले निजल्यावर, रात्री लिहिलेले ‘क्रिस्तीन लाव्रान्सदात्तर’चे तीन खंड १९२०, १९२१ व १९२२ असे लागोपाठ प्रसिद्ध झाले. १९२८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. (हाताशी कामाच्या बायका होत्या, हे विसरू नये.) या जागरणांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. समीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे: दिवसाचा संसार रात्रीच्या कादंबरीत कोणत्या रूपाने उतरला?

दुसऱ्या खंडाचे नावच ‘गृहस्वामिनी’ या अर्थाचे आहे. चौदाव्या शतकातील क्रिस्तीन नववधू म्हणून हुसाबीच्या वाड्यात येते ती गरोदर अवस्थेत, आणि तिच्या दृष्टीस पडते ती घाण, अव्यवस्था आणि मोकाट सुटलेले नोकर. येथे संशोधन कोठेही मिरवत नाही. कोठार, मद्य, गुरे, दुखणी यांची माहिती वाचकाला मिळते ती क्रिस्तीनला त्यांची व्यवस्था लावावी लागते म्हणून. काळही राजांच्या कारकीर्दींनी मोजला जात नाही. एकामागून एक जन्मणाऱ्या मुलग्यांनी तो मोजला जातो.

या दृष्टीचा खरा कस लागतो तो राजकारणात. क्रिस्तीनचा नवरा एर्लेन राजाविरुद्धच्या कटात सामील असतो. तो कट फुटतो कशाने? बायकोशी भांडून तो रागाच्या भरात दुसऱ्या स्त्रीकडे जातो आणि कटाचा कागद तिच्या हाती लागतो. एका घरगुती कलहाने राज्याचा डाव उधळला जातो. किल्ले आणि लढाया यांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे प्रथम थिटे वाटेल. पण माजघरालाही इतिहासात कर्तेपण असते, हे येथे उपदेशावाचून सिद्ध होते.

या पद्धतीची किंमतही बाईंना मोजावी लागली आहे. मधल्या खंडात नातेवाइकांची नावे दाटी करतात, क्रिस्तीनचा पश्चात्ताप वारंवार त्याच वळणावर येतो, आणि एर्लेनविषयीच्या तिच्या मनातील अढीचा वाचकालाही शीण येतो.

काही दोष मात्र भाषांतराचा. १९२० च्या दशकातील इंग्रजी भाषांतरात मुद्दाम जुनाट शब्दयोजना केली आहे. त्यामुळे मुळात राबते असलेले घर वस्तुसंग्रहालयासारखे भासते. टीना नन्ली यांच्या १९९७ ते २००० मधील भाषांतराने हे अवडंबर काढून टाकले. ही कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणू पाहणाऱ्याने त्याच भाषांतराचा आधार घ्यावा.