भामिनीचा वेश : रोमँटिक शैली आणि स्त्रीचे व्यक्तिमत्त्व

‘रोमँटिक’ हे विशेषण आपण दोन भिन्न गोष्टींना लावतो आणि त्या एकच आहेत असे गृहीत धरतो. साहित्यविचारात ते अशा ‘मी’चे विशेषण आहे, जो रूढ संकेतांपेक्षा स्वतःच्या भावनेला आणि कल्पनेला अधिक प्रमाण मानतो. वेशभूषेच्या परिभाषेत मात्र ते झालर, लेस, फिके गुलाबी रंग, फुले, सैल सोडलेले केस यांचे विशेषण होते. आणि असा वेश करणारी स्त्री हळवी, स्वप्नाळू, परावलंबी असणार, असे तिचे व्यक्तिमत्त्वही परस्पर ठरवले जाते. पहिल्या अर्थाची रोमँटिक व्यक्ती स्वतः इच्छा करते. दुसऱ्या अर्थाची व्यक्ती इतरांच्या इच्छेचा विषय होते. मराठीपुरते बोलावयाचे तर या दोन अर्थांची गाठ रंगभूमीवर पडली, आणि तीही एका पुरुषाच्या देहावर.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. १९११ मध्ये ‘मानापमान’मधील भामिनी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सिंधू अशा भूमिकांतून त्यांनी स्त्रीरूपाचा जो आदर्श उभा केला, तो नाट्यगृहापुरता राहिला नाही. लुगडे नेसण्याची त्यांची ढब, केसांची ठेवण, फुले माळण्याची रीत यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या, हे त्या काळाविषयीच्या लेखनात वारंवार आलेले आहे. यावर एक सोपे भाष्य नेहमी केले जाते : स्त्रीने कसे दिसावे हे पुरुषाने तिला शिकवले. ते खोटे नाही. पण तेथेच थांबले तर अनुकरण करणाऱ्या स्त्रीच्या पदरी केवळ भाबडेपणा येतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. चारचौघांत नटणे, लोकांनी पाहावे म्हणून नटणे, हा त्या काळी कुलीन स्त्रीचा अधिकार नव्हता. तो कलावंतिणीचा समजला जाई. रंगमंचावर स्त्री नट असती, तर तिची ढब घरात आणणे गृहिणीला कठीण गेले असते. नटणारा देह पुरुषाचा होता म्हणूनच ते नटणे निर्दोष ठरले. प्रतिष्ठित स्त्रीला सौंदर्याचा परवाना मिळाला तो या आडवाटेने, आणि तिने तो वापरला. हे अनुकरण शरणागतीचे होते तितकेच धूर्तपणाचेही होते, असे मला वाटते.

परंतु त्या स्त्रीने भामिनीचे नेमके काय घेतले? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या संहितेत दागिन्यांचा सोस आहे तो लक्ष्मीधर या भित्र्या श्रीमंताला, आणि तो सर्वस्वी उपहासाचा विषय आहे. धैर्यधराच्या गरिबीमुळे त्याला नाकारणारी भामिनी पुढे वनमालेच्या साध्या वेशात त्याच्यासमोर येते, आणि त्या वेशातच तिला आपली इच्छा कळते. म्हणजे नाटकाच्या तर्काप्रमाणे तिचे रोमँटिक व्यक्तिमत्त्व भरजरी वेश उतरल्यावर सुरू होते. घरोघरी मात्र पोहोचली ती नटलेली भामिनी. वनमालेचे अनुकरण कोणी केल्याचे आपण ऐकत नाही! संहिता एक सांगत होती, नेपथ्य आणि वेशभूषा दुसरेच. आणि समाजाने दुसऱ्याचे ऐकले.

पुढे ना. सी. फडक्यांच्या कादंबरीने ही वेशभूषा शब्दांत आणली. नायिका प्रवेश करते तीच तिच्या पातळाच्या रंगासह. तिचे मन आपल्याला कळते ते नायकाच्या नजरेला ती कशी दिसली यावरून. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहिणाऱ्या या तंत्रनिष्ठ लेखकाची सफाई वादातीत आहे. पण त्या सफाईतच स्त्रीच्या अंतरंगाची जागा तिच्या वस्त्राने व्यापली. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेशात दिसल्या तेव्हा जी खळबळ उडाली, तिच्यातही चर्चा वेशाची झाली. त्या पात्राला काय हवे आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

हा प्रश्न विचारला तो ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांनी. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) यांतील शिकलेल्या स्त्रिया कशा दिसतात हे वाचकाला फारसे आठवत नाही; त्यांची घुसमट आठवते. त्या इच्छा करतात, आणि इच्छेची किंमत मोजतात. मराठी साहित्यात रोमँटिक हा शब्द स्त्रीच्या बाबतीत पहिल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने वापरावयाचा तर तो येथे वापरावा लागेल. गंमत अशी की, समीक्षेने या लेखनाला ‘धीट’ म्हटले, ‘वास्तव’ म्हटले. रोमँटिक म्हणण्याचे तिला सहसा सुचले नाही. ते विशेषण तिने फडक्यांच्या नायिकांसाठी राखून ठेवले होते.

गंधर्वकालीन वेश आज संपलेला नाही. पोलादाच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या आणि सिडकोने आखलेल्या कळंबोलीसारख्या वसाहतीतही पाडव्याला किंवा लग्नकार्यात नऊवारी, नथ आणि चंद्रकोर टिकली हा थाट दिसतो. ही नऊवारी बहुधा शिवलेली असते. विजारीसारखी चढवायची आणि पदर खांद्यावर टाचायचा. आजीकडून नातीकडे हाताने जाणारी नेसण्याची विद्या तीत उरलेली नाही, अशी तक्रार होते. तक्रार रास्त आहे, पण त्यात मुद्दा निसटतो. शिवलेले लुगडे हा मुळात नाटकाचा पोशाख आहे : ठरल्या वेळी चढवावा, प्रयोग संपला की उतरवावा. दुसऱ्या दिवशी हीच मुलगी जीन्स घालून कामावर जाते आणि तिला त्यात कसलीही विसंगती जाणवत नाही. गंधर्वांच्या प्रेक्षक स्त्रीला घरी गेल्यावर ती ढब स्वभाव म्हणून वागवावी लागे. ही तिला भूमिका म्हणून वागवते, स्वतःची छायाचित्रे स्वतः काढते, आणि त्यांतील कोणते ठेवायचे व कोणते पुसायचे हेही तीच ठरवते.