कंटाळवाणे काम कोणाचे?

जालना शहराच्या जुन्या वस्तीत मस्तगड आहे. आसफजाहच्या इच्छेवरून काबिलखानाने तो १७२५ साली बांधला. आकार चौकोनी, कोपऱ्यांना अर्धवर्तुळाकार बुरूज, आणि बांधणीचा काळ सांगणारा एक फारसी शिलालेख. पुढे नगरपालिकेची कचेरी या गढीत आली. त्यामुळे जालनेकर मंडळी मस्तगडावर गेली ती इतिहास पाहायला कमी आणि घरपट्टी भरायला जास्त.

याच परिसरातील एका शाळेत गेल्या वर्षी आम्ही आठवीच्या मुलांना ‘आमच्या गावचा किल्ला’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. वह्या आल्या तेव्हा अक्षरे वेगवेगळी, पण भाषा एकाच वळणाची. ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेला मस्तगड आजही गौरवशाली इतिहासाची साक्ष देत दिमाखात उभा आहे’, अशी बऱ्याच वह्यांची सुरुवात. एका वहीत तर गडाला तिन्ही बाजूंनी तुटलेले कडे होते! कुठे सह्याद्री आणि कुठे भरवस्तीतली ही गढी. मोबाइलवरच्या एआयने निबंध तयार केला होता आणि मुलांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. कामाची वाटणीच उलटी झाली होती. विचाराचे काम यंत्राकडे गेले आणि कारकुनाचे काम मुलाकडे राहिले.

एक वही मात्र वेगळी होती. जेमतेम अर्धे पान, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, शेवट अर्धवट. त्या मुलीने लिहिले होते की, मस्तगडात पूर्वी मोठी विहीर होती आणि विहिरीत खोल्या होत्या असे आजोबा सांगतात. आता ती बुजवली आहे. आणि खाली एक प्रश्न : ‘पाण्यात खोल्या कशाला?’

आम्ही या वहीला दहापैकी पाच गुण दिले. तुटलेल्या कड्यांच्या निबंधाला आठ. तेव्हा या लेखात जी टीका आहे, तिचे पहिले मानकरी आम्हीच आहोत, हे आधी सांगून टाकतो.

एआयचा वापर कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये, याविषयी सध्या एक सोपा नियम सगळीकडे ऐकू येतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही तो सांगितला जातो. नियम असा : ‘कंटाळवाणे, तेच ते काम यंत्राला द्या, सर्जनशील काम स्वतः करा.’ ऐकायला सुटसुटीत आहे. कार्यालयात, दुकानात, छापखान्यात तो पुष्कळदा चालतोही. पण शाळेत हाच नियम लावला तर तो दिशाभूल करतो, असे आमचे मत आहे. कारण शाळेतले कंटाळवाणे काम आणि शिकणे या दोन गोष्टी अनेकदा एकच असतात.

उदाहरण आपल्याच एका सहकाऱ्याचे घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म जाहीर केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तर तीन अंकी आले तर मागे शून्य धरून चार अंक पुरे करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि मग तिथेच राहता.

मस्तगडाचे साल घेऊन पाहू.

७५२१ − १२५७ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता १००० पासून ९९९९ पर्यंत अशा ८९९१ संख्या आहेत. प्रत्येकीची वजाबाकी करत बसणे याहून कंटाळवाणे काम कोणते? वरचा नियम सांगतो, हे यंत्राला द्या. आणि खरेच, आजचा संगणक हे काम डोळ्याचे पाते लवायच्या आत करील आणि ‘सर्व संख्या ६१७४ वर पोहोचतात’ असे उत्तर देईल. उत्तर बरोबर असेल. पण आपल्या हाती काय लागले? एक वाक्य.

हेच काम सातवीच्या मुलांना हाताने करू द्या. पंधरा-वीस वजाबाक्या झाल्या की कुणीतरी म्हणते, ‘बाई, प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो!’ अंकांची अदलाबदल केली तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून वजाबाकीला नऊने भाग जातोच. आता मुलांना आपली चूक आपणच पकडायचे साधन मिळाले. आणखी थोड्या वेळाने दुसरा कुणी ओरडतो, ‘माझी संख्या २३८६ होती, हिची १७२५, तरी दोघांचे उत्तर ६२६४ कसे?’ इथे खरे गणित सुरू होते. फळ्यावर मांडून पाहिले की कळते, उत्तर दोनच गोष्टींवर ठरते : सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर तयार. १७२५ मध्ये हे फरक ६ आणि ३, २३८६ मध्येही ६ आणि ३; म्हणून दोन्हीकडे ५९९४ + २७० = ६२६४. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो, आणि दुसरा कधीच पहिल्याहून मोठा नसतो. अशा जोड्या मोजल्या तर त्या भरतात फक्त ५४. म्हणजे पहिल्या पायरीनंतर ८९९१ संख्यांची गर्दी ५४ संख्यांवर येते. एवढ्या तर एका तासिकेत वर्ग वाटून घेऊन तपासू शकतो.

कुणी म्हणेल, ही ५४ ची युक्तीसुद्धा एआय सांगू शकेल. सांगेलच. पण ती विचारायची हे सुचायला आधी दोन वेगळ्या संख्यांचे उत्तर सारखे आलेले डोळ्यांना खुपावे लागते. ते खुपणे कंटाळवाण्या कामाच्या पोटी जन्मते. काम देऊन टाकले की त्याबरोबर प्रश्नही जातो, आणि प्रश्न गेल्याचे कळत नाही.

हे केवळ आमचे जुन्या वळणाचे मत नाही. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरावाच्या वेळी एका गटाकडे फक्त पुस्तक आणि टिपणे होती. दुसऱ्याला नेहमीचा एआय दिला. तिसऱ्याला असा एआय दिला, की जो उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देईल. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट आता पुस्तकवाल्या गटाच्याही १७ टक्के मागे पडला. तिसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही. आणि सर्वात बोचणारी गोष्ट ही, की आपण कमी शिकलो आहोत याची दुसऱ्या गटातील मुलांना जाणीवच नव्हती.

या प्रयोगातून ‘एआय वाईट’ असा निष्कर्ष काढणे हीदेखील घाई होईल. तिसरा गट तसे म्हणू देत नाही. शिवाय सरसकट बंदी घालणारे आपण शिक्षक स्वतः सूचनापत्रे आणि प्रश्नपत्रिका एआयकडून करून घेतो, हे मुलांना ठाऊक असते. बंदीने काम घरी जाते, एवढेच.

मग वाटणी कशी करावी? काम कंटाळवाणे आहे का, हा प्रश्न सोडून द्यावा आणि त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो.

पहिला प्रश्न : काम संपल्यावर करणाऱ्यात काही उरते का, की फक्त कागद भरतो? पाचवीतल्या मुलाने भागाकार केला की त्याच्यात काही उरते. अकरावीत लंबकाचा प्रयोग करताना तोच भागाकार गणकयंत्राने केला तर बिघडत नाही. तिथे उरायचे आहे ते निरीक्षण. म्हणजे काम तेच असले तरी करणारा बदलला की उत्तर बदलते. म्हणून ‘ही कामे यंत्राची, ती माणसाची’ अशी कायमची यादी कुणालाच करता येणार नाही.

दुसरा प्रश्न : यंत्राचे उत्तर चुकले तर आपल्या लक्षात येईल का? जे आपल्याला येते ते देण्यात धोका कमी, कारण चूक दिसते. जे येत नाही ते देताना आपण आंधळे असतो. मस्तगडासारख्या विषयात तर दुहेरी सावध राहायला हवे. ज्या गावाविषयी लिहिलेलेच थोडे आहे, तिथे एआय दुसऱ्या किल्ल्यांचे कडे आणून लावतो, आणि तेही इतक्या सफाईने की आठ गुण मिळतात.

तिसरा प्रश्न : चुकल्यास जाब कोण देणार? ज्या कागदावर आपली सही आहे, तो वाचण्याचे काम दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

हे प्रश्न आता आपल्याच टेबलावर ठेवू. वेळापत्रक जुळवणे, गुणांची बेरीज, पालकसभेची सूचना, एकच माहिती तीन वेगळ्या तक्त्यांत भरणे, यातून शिक्षकात काहीही उरत नाही. ही कामे खुशाल द्यावीत. मात्र मुलांची नावे आणि घरची माहिती त्यात घालू नये, ती द्यायला आपली नाही. वह्या तपासणे हे काम तितकेच कंटाळवाणे, पण ते वेगळ्या जातीचे आहे. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे, असे वर्गातली निम्मी मुले मानतात हे वह्या पाहतानाच ध्यानात येते, आणि उद्याचा पाठ तिथेच ठरतो. साठ वह्या रोज वाचणे शक्य नसेल तर दहा वाचाव्यात. पण त्या स्वतः वाचाव्यात.

आणि वर्णनात्मक नोंदी? २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण त्या लिहितो. खरे सांगायचे तर, एआय येण्याच्या कितीतरी आधी आपण त्या तयार पुस्तिकांतून उतरवत होतो. ‘परिसरातील घटकांविषयी जिज्ञासा दाखवतो’ हे वाक्य किती मुलांच्या नावापुढे आपण न पाहता लिहिले असेल! मुलांनी तुटलेले कडे उतरवले, आपण जिज्ञासा उतरवली. काम देऊन टाकण्याची सवय यंत्राने लावलेली नाही. यंत्राने ती फक्त सोपी केली. म्हणून या विषयावर मुलांना उपदेश करण्याआधी, वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाविषयी एक ओळ स्वतः पाहून लिहावी. ती ओळ लिहिता येत नसेल, तर त्या मुलाकडे आपले लक्ष गेलेले नाही, एवढे तरी कळते.

त्या मुलीचे गुण आम्ही नंतर बदलले. पण गुणांपेक्षा तिच्या प्रश्नाला उत्तर देणे महत्त्वाचे होते. जुन्या काळी पायऱ्यांच्या विहिरींना पाण्याच्या पातळीच्या वर दालने असत. उन्हाळ्याचा ताप जमिनीत खोलवर पोहोचत नाही, आणि पाण्याचे बाष्पीभवन होताना भोवतालची उष्णता शोषली जाते. म्हणून अशी दालने भर वैशाखात गार राहतात. मस्तगडाची विहीर बुजली असल्याने तिथे जाऊन पाहता येत नाही. तेव्हा वर्गाने ठरवले, की दोन तापमापक घ्यायचे, एक शाळेच्या गच्चीवर सावलीत टांगायचा आणि दुसरा दोरीने जवळच्या एका चालू विहिरीत मोठ्या माणसांच्या मदतीने सोडायचा. महिनाभर, रोज दुपारी दोन वाजता, दोन आकडे वहीत लिहायचे.

काम कंटाळवाणे आहे. ते आम्ही कुणालाही देणार नाही.